बायकांनी उतरायचं वळण

आमच्या व्याह्यांनी आजवर एकही वस्तू तिच्या बनवणाऱ्याच्या मर्जीप्रमाणं चालू दिलेली नाही. कारखान्यातून वस्तू बाहेर पडते ती अर्धीकच्ची असते, आणि तिला पुरती शिजवायला देवानं कोरेगावच्या अलीकडं एक माणूस नेमून ठेवलाय, अशी त्यांची बालंबाल खात्री आहे. इतकी वर्षं त्यांच्याकडं बघून आता माझीही तीच खात्री झाली आहे. त्यांच्या सोप्यातला पंखा असा फिरतो की खाली जेवायला बसलेल्या माणसानं एका हातानं जेवायचं आणि दुसऱ्या हातानं पापड धरून ठेवायचा. त्यांचा मिक्सर सुरू झाला की शेजारची म्हैस उठून उभी राहते. फक्त भिंतीवरचं घड्याळ त्यांनी मुद्दाम हळू करून ठेवलंय. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "पेन्शनीतल्या माणसाला एवढी घाई कशापायी?" गावच्या देवळात विजेवर ढोल-झांजा वाजवणारं आरतीचं यंत्र आहे. ते सुस्त वाजतं म्हणून यांनी एकदा उघडलं. त्या दिवसापासून आरती यंत्राच्या मागं धावू लागली. म्हाताऱ्यांना धाप लागायची, पोरं खूश व्हायची, आणि प्रसाद लवकर मिळतो म्हणून गर्दी वाढली. देवानंही काही तक्रार केली नाही.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते माझ्या लेकीला बघायला आले तेव्हा, आमच्या सांगलीच्या घरी. तेव्हाची मी म्हणजे एक प्रकरणच होते. वय पन्नाशीला टेकलेलं, पण डोक्यातून कॉलेजच्या गॅदरिंगचा वारा गेलेला नव्हता. नवाकोरा दोन दारांचा फ्रिज घेतला होता, तो स्वयंपाकघरात न ठेवता बाहेरच्या खोलीत, येणाऱ्याच्या नजरेला पहिला पडेल असा ठेवला होता. वर लोकरीची झालर, झालरीवर प्लॅस्टिकची फुलं. पाहुणे पोहे खात होते, मी माझ्या मते अत्यंत सुसंस्कृत असं काहीतरी बोलत होते, आणि बघते तर मुलाचे वडील जागेवर नाहीत. उंच, काळेसावळे, पांढऱ्या टोपीतले ते गृहस्थ फ्रिजच्या मागच्या फटीत शिरले होते. पेचकसाचं टोक फ्रिजच्या पाठीला टेकवलेलं, मूठ कानाला लावलेली, डोळे मिटलेले. मुलगी बघायला येताना हा माणूस खिशात पेचकस घेऊन आला होता! डोळे न उघडता ते म्हणाले, "विहीणबाई, तुमच्या फ्रिजला दमा हाय." मला दोन गोष्टींचा राग आला. एक, फ्रिज नवा होता. दोन, अजून काहीही ठरलेलं नव्हतं, मग मी विहीणबाई कशी? त्यांनी फ्रिज वीतभर पुढं ओढला, झालर काढून तिची नीट घडी घातली आणि माझ्या हातात देत म्हणाले, "भिंतीला लय चिटकून हुतं बिचारं. आन शाल माणसाला घालायची, यंत्राला न्हाई." फ्रिजची घरघर जागच्या जागी थांबली. इतरांकडं आधी मुलगी पसंत पडते, आमच्याकडं आधी फ्रिज पसंत पडला.

तसं बघितलं तर यंत्रापायी फसायची आमच्या घरात परंपराच आहे, आणि ती माझ्यापासून सुरू होते. मी लग्नाला हो म्हटलं ते मुलाकडं बघून नव्हे, मुलगा ज्या स्कूटरवरून आला होता तिच्याकडं बघून. आकाशी रंगाची होती. मी मनातल्या मनात तिच्यावर मागं बसून, पदर वाऱ्यावर सोडून, कृष्णाकाठी दोन फेऱ्यासुद्धा मारल्या होत्या. लग्नानंतर कळलं की स्कूटर मित्राची होती, आणि आमच्या यजमानांना ती चालवताही येत नव्हती. मित्रानंच कोपऱ्यापर्यंत आणून सोडलं होतं, पुढं हे नुसते बसून उतारावरून घरंगळत आले होते. मी रुसले. मग रुसवा काढायला स्वतःच मोटार शिकायला गेले, शिकवणाऱ्याच्या गाडीसकट एका कंपाउंडच्या भिंतीत शिरले, आणि पुढं कित्येक वर्षं भेटेल त्याला सांगत राहिले की भिंत चुकीच्या जागी बांधली होती. तेव्हा अशा बाईनं व्याह्यांच्या इंजिनाविषयी लिहावं याचं कोणाला हसू आलं तर खुशाल हसा. पण त्या इंजिनाच्या बाळंतपणाला मी हजर होते. मी नाही लिहिणार तर कोण लिहिणार?

व्याही लष्करात गाड्या दुरुस्त करायच्या वर्कशॉपमध्ये होते. हवालदार होऊन गावी परतले, ऊस बघायला लागले, आणि उसाकडं बघता बघता त्यांनी एक मोटार घेतली. पांढरी, लहानखुरी, तीन सिलिंडरची. एके काळी महाराष्ट्राच्या निम्म्या अंगणांत उभी असायची तसली. तिच्यात काही विशेष नव्हतं. विशेष होतं ते एवढंच की माझ्या विहीणबाईंना, म्हणजे व्याह्यांच्या मंडळींना, जगातल्या बाकी सगळ्या गाड्या लागतात. एसटीत त्यांना मळमळतं, जीपमध्ये गरगरतं, आणि बंद काचांच्या थंडगार गाडीत तर दार लावायच्या आधीच उलटी येते. जावईही लष्करात, लांब कुठंतरी असतात. त्यांनी एकदा सुट्टीत आपली मोठी गाडी आणली आणि आईला कौतुकानं बसवलं. ती गाडी पुढं आठवडाभर दारं उघडी टाकून उन्हात उभी होती. पांढऱ्या गाडीत मात्र विहीणबाई पुढच्या सीटवर मांडी घालून, काच खाली करून, शेंगदाणे खात बसतात. "ही आपली हाय," म्हणतात. "हिला माजं पोट ठावं हाय."

त्यांचा देव डोंगरावर आहे. दर चैत्रात सगळ्यांनी जायचं, नैवेद्य दाखवायचा, ओटी भरायची. वर जायला घाट आहे, आणि घाटात एक असं वळण आहे की रस्ता तिथं वळतो कमी आणि उभा जास्त राहतो. भरलेली गाडी त्या वळणावर यायची, हुंदके द्यायची, आणि व्याही आवाज द्यायचे, "बायकांनी उतरा!" बायका उतरायच्या, ओझं कमी व्हायचं, गाडी चढून पलीकडच्या सपाटीवर जाऊन थांबायची, बायका मागनं चालत यायच्या. पुरुष का उतरत नाहीत, असं मी लेकीच्या लग्नानंतरच्या पहिल्या चैत्रात विचारलं होतं. तर एक पुरुष गाडी चालवत असतो, आणि दुसरा त्याला "घे डावीकडं, घे डावीकडं" सांगत असतो, दोघांचीही गरज असते, असं उत्तर मिळालं. रीतच पडून गेली होती. आसपासच्या वाड्यांतल्या गाड्यांनीही तीच उचलली, आणि त्या जागेला लोक बायकांचं वळणच म्हणू लागले. आणि गाडी उलटी घसरू नये म्हणून मागच्या चाकाला धोंडा लावायचा असतो. ते काम विहीणबाईंचं. वळणावरच्या बाभळीखाली त्यांचा ठरलेला धोंडा होता, पाट्याच्या तुकड्यासारखा, एका बाजूनं चपटा. गाडी थांबली की तो चाकाला लावायचा, गाडी उचलली की काढायचा, हातात घेऊन दोन पावलं मागं मागं जायचं, पुन्हा थांबली की पुन्हा लावायचा. गाडी पार झाली की धोंडा परत बाभळीखाली ठेवून त्या धापा टाकत वर यायच्या. पुढं त्यांचे गुडघे गेले. तरी कोणाच्या काही ध्यानात आलं नाही, कारण ज्याची रीत पडते ते कोणाला दिसत नाही.

एका चैत्रात ते व्याह्यांना दिसलं. त्यांनीच मला सांगितलं. मी तेव्हा त्यांच्याकडं राहायला गेले होते. यजमान गेल्यापासून मी सांगली ते कोरेगाव अशी झोके घेत असते. आम्ही बांधावर शेवग्याच्या शेंगा काढत होतो. म्हणजे ते काढत होते, मी कोणती राहिली ते बोटानं दाखवत होते. ते एकदम म्हणाले, "विहीणबाई, ष्टेरिंग धरणाऱ्याला म्होरलं दिसतंय. मागलं बघायला आरसा दिलेला असतो. मी सगळ्या दुनियेला आरसं नीट लावून दिलं, आन सोता त्या वळणावर कवा बघितलं न्हाई. यंदा बघितलं. ती रस्त्यात बसली हुती. मधोमध. धोंडा मांडीवर घिऊन. उठता यीना तिला. आन ओरडतीया काय, तर 'जावा तुमी, जावा, मी आले'." मग ते पुन्हा शेंगांकडं वळले. त्या दिवशी डोंगरावरून घरी गेल्यावर विहीणबाईंनी चहा देता देता सहज सांगून टाकलं होतं म्हणे, "पुढल्या साली मी काय यायची न्हाई. देवाला हितनंच हात जोडीन." त्यांच्या दृष्टीनं विषय संपला होता. व्याह्यांच्या दृष्टीनं तो तिथं सुरू झाला.

दुसरी गाडी घ्या, असं जावई फोनवर म्हणाले. पण दुसऱ्या गाडीत विहीणबाईंचं पोट बसत नव्हतं, तेव्हा गाडी तीच पाहिजे होती, फक्त तिच्यात जोर दुसरा पाहिजे होता. आणि हा जोर उसाच्या बिलाला हात न लावता आणायचा होता, कारण ऊस घराचा. बांधावरचा शेवगा मात्र व्याह्यांनी हौसेनं लावलेला, त्याच्या शेंगा त्यांच्या. "इंजिन शेवग्यावर करायचं," त्यांनी जाहीर केलं. त्या सालात आम्ही सगळे जे जेवलो त्यात शेवगा औषधालाही नव्हता. कोरेगावच्या बाजारात शेंगा जायच्या आणि येताना पिशवीतून काहीतरी काळं, तेलकट, जड यायचं. शिरवळच्या बाजूला एक भंगारवाला होता. त्याच्या ढिगात व्याही असे फिरायचे जसं दुसरं कोणी पैठण्यांच्या दुकानात फिरावं. एक वस्तू उचलायची, उन्हात धरायची, नखानं टिचकी मारायची, कानाशी न्यायची, आणि मान हलवून हळुवारपणे परत ठेवायची.

मग इंजिन गाडीतून उतरून पडवीत आलं, आणि घराचं घरपण गेलं. आमच्या व्याह्यांचं म्हणणं असं की इंजिन म्हणजे काय, तर श्वास, भडका आणि वजन. श्वास मोकळा पाहिजे, भडका दाटीत पाहिजे, वजन सारखं पाहिजे. बाकी सगळी नटबोल्टं. श्वास मोकळा करायचा म्हणजे इंजिनात हवा जाते त्या वाटा आतून घासून आरशासारख्या करायच्या. त्याला शहरात यंत्र लागतं. यांनी काठीला पॉलिश कागद गुंडाळला, काठीला ताक घुसळायच्या रवीची दोरी घातली, आणि पडवीत बसून इंजिन घुसळायला लागले. काठी कमी पडली तेव्हा रवीच घेतली. "आवं," विहीणबाई आतून म्हणाल्या, "आता ताक कशात करू? का ताक तुमच्या गिअरपेटीत घालू?" "थोडं दम खा गं, श्वास मोकळा हुतोय." "त्याचा व्हतोय. माजा कोंडलाय." दुसऱ्या दिवशी फ्रीजरमध्ये मला प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या तीन कुल्फ्या दिसल्या. माझा स्वभाव तुम्हाला आतापर्यंत कळला असेलच. मी एक तोंडाजवळ नेली. लोखंडाची होती. पिस्टन ज्या कांडीवर बसतो ती कांडी थंडीनं आकसावी आणि पिस्टन गरम पाण्यात फुगावा, म्हणजे एक दुसऱ्यात लोण्यासारखी बसते, अशी त्यातली युक्ती. पिस्टन चुलीवर उकळत होते. पुरणाच्या पातेल्यात.

आणि वजन! ते आठवलं की मी अजून हात जोडते. तिन्ही पिस्टन सारख्या वजनाचे पाहिजेत, नाहीतर इंजिन थरथरतं. घरातला तराजू त्यांना पटेना. तेव्हा आम्ही कोरेगावच्या सोनाराकडं गेलो. मी बरोबर होते म्हणून सोनार लगबगीनं उठला, गादी झटकली, पोराला पाणी आणायला पाठवलं. व्याह्यांनी पिशवीतून मखमलीवर तीन पिस्टन मांडले. सोनारानं एकदा त्यांच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि काचेच्या पेटीतला काटा उघडला. पण दोन पिस्टन तोलून झाले आणि तोही रंगला. मधला जरासा जड भरला. व्याह्यांनी तिथंच पायरीवर बसून त्याच्या पोटातून कानस फिरवली, पुन्हा तोलला, पुन्हा फिरवली. पांढरा बारीक भुगा धोतरावर पडत होता. दुकानात दागिने घ्यायला आलेली माणसं दागिने विसरून उभी. शेवटी काटा तिघांनाही एकाच जागी थांबला, तेव्हा सोनार म्हणाला, "हवालदार, घडणावळ काय लावू?" आणि व्याही म्हणाले, "लाव की. मंगळसूत्रच हाय म्हणायचं."

भडका जिथं होतो त्या तीन खोलग्या इंजिनाच्या वरच्या झाकणात, म्हणजे हेडमध्ये, असतात. हेड साताऱ्याला जाऊन घासून पातळ करून आणलं, म्हणजे भडक्याला दाटी होते आणि तो जोरात ढकलतो. "यष्टीत बघा," ते मला समजावत, "दाटीत मानूस जास्तच ढकलतंय का न्हाई?" मग त्या तिन्ही खोलग्यांत सारखंच मावतं का हे बघायला त्यांनी जनावरांच्या डॉक्टरकडनं बैलाला टोचायची मोठी सुई-नळी आणली, तिच्यात रॉकेल भरलं आणि थेंब थेंब सोडत बसले. बॅटरी धरायला मी. एका खोलगीत थेंबभर कमी मावलं की चेहरा उतरायचा. मी म्हटलं, "व्याहीबुवा, एवढ्याशा थेंबानं काय होतंय?" त्यांनी माझ्याकडं, माझं सगळं शिक्षण कळल्यासारखं बघितलं. "तीन सुना हायेत ह्या. एकीच्या ताटात तूप कमी वाढा, आन मग बघा घरात काय व्हतंय." त्यानंतर मी थेंबाला नाव ठेवलं नाही. तरुणपणी स्वतःला मोठी रसिक समजून मी गाण्याच्या बैठकांना पहिल्या रांगेत बसायची, आणि समेवर मान चुकायची. बारकावा म्हणजे काय ते मला पडवीत, रॉकेलच्या वासात कळलं.

इंजिन गाडीत बसलं, सुरू झालं, आणि असं गुरगुरलं की शेजारची म्हैस या खेपेला दावं तोडून गेली. पहिल्या चाचणीला आम्ही तिघं आणि मागं गव्हाचं पोतं. सपाट रस्त्यावर ती पांढरी चिमणी अशी सुटली की समोरची एसटी मागं गेली कधी ते कळलं नाही. ड्रायव्हरनं खिडकीतून मान बाहेर काढून बघितलं. मी मागं टाळ्या वाजवत होते. व्याही हसत होते, तोंडातले सगळे दात दिसत होते. मग घाट लागला. वळण आलं. गाडी वळणाला लागली, वेग उतरला, आणि वेग उतरल्याबरोबर तिच्या अंगातलं वारंच गेलं. पूर्वी ती निदान हुंदके द्यायची. आता एक आचका दिला आणि बंद पडली. व्याह्यांचे ओठ जुन्या सवयीनं "बायकांनी" म्हणायला उघडले आणि तसेच मिटले. "बस," ते विहीणबाईंना म्हणाले. "तू बस." पण दार उघडलेलं होतं. त्या दाराला धरून, सीटला धरून, एक एक गुडघा सोडवत उतरल्या, बाभळीपर्यंत गेल्या, धोंडा घेऊन आल्या आणि चाकाला लावला. मग कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आवं, तुमी शर्यतीचा बैल केला. मला नांगराचा पायजे हुता."

त्या बोलल्या ते शब्दाशब्दानं खरं होतं. व्याह्यांनी लष्करातल्या कोणा दोस्ताकडनं शर्यतीच्या गाडीसाठी घडवलेला कॅमशाफ्ट मिळवून आत घातला होता. इंजिनानं श्वास कधी घ्यायचा, कधी सोडायचा ते त्या दांड्यावर ठरतं. तो दांडा पळताना जोर देतो, आणि चढावर, हळू चालताना, हात वर करतो. आमच्या भागात शर्यतीचा बैल आणि नांगराचा बैल यातला फरक शेंबडं पोर सांगेल. पण शर्यतीच्या बैलाचा गुलाल एकदा डोक्यात गेला की शहाण्यासुरत्या माणसालाही नांगर आठवत नाही. व्याही त्या दिवसापासून गप्प झाले. पेचकस फळीवर पडून राहिला. स्वयंपाकघरात मिक्सर खरखरू लागला तरी त्यांनी मान वळवली नाही, आणि तेव्हा मात्र विहीणबाई घाबरल्या. मला कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या, "विहीणबाई, कायतरी करा. देव ऱ्हाऊ दे. मानूस हातचं जाईल माजं." मी काय करणार? मी जाऊन फळीवरचा पेचकस उचलला, मूठ इंजिनाला टेकवली, टोक कानाला लावलं आणि डोळे मिटून मोठ्यानं म्हटलं, "दमा आहे!" व्याही ताडकन उठले. "कुटं दमा? द्या हिकडं. उलटा धरलाय तुमी."

उलटा धरलेल्या पेचकसानं पुन्हा सुरुवात झाली. शर्यतीचा दांडा निघाला, जुना घरचा दांडा परत बसला. मोकळा श्वास, दाटीतला भडका आणि सोनाराचं वजन तसंच ठेवलं. आता पाहिजे होता गिअरचा एक जोड, याच गाडीच्या भावकीतल्या मालवाहू व्हॅनचा. ती व्हॅन पळत नाही, पण पोती घेऊन कुठंही चढते. तो जोड सांगलीत एका भंगाराच्या दुकानात असल्याचा पत्ता लागला, आणि मी म्हटलं, "मी आणते." आयुष्यात हळद, बेदाणे आणि भडंग यांशिवाय सांगलीहून काहीही न नेलेली बाई मी. पिशवीत तळाशी गिअर, वर भडंगाचा पुडा. कराडच्या स्टँडवर कंडक्टरनं मदत म्हणून पिशवी उचलली आणि तो वाकलाच. "आवं आजी, हाय काय ह्यात?" "गिअर." "कशाचा?" "मोटारीचा. चढाचा आहे." त्यानं सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं सांगितलं, "आजी गिअर घिऊन चालल्यात, जरा सरकून बसा!" आणि खरंच सगळी सरकून बसली. आकाशी स्कूटरवर बसून पदर सोडला असता तरी मला एवढा मान मिळाला नसता. व्याह्यांनी तो गिअर हातात घेतला, एकेक दात अंगठ्यानं चाचपला, आणि मला एवढंच म्हणाले, "ओके रिपोर्ट, विहीणबाई." लष्करातलं पदक याहून वेगळं नसावं.

चैत्र आला. विहीणबाईंना तयार करायला मलाच जावं लागलं. त्या म्हणत होत्या, "मी वळणापत्तोर येती, म्होरं तुमी जावा." नैवेद्य, ओटी, नारळ सगळं त्यांनी स्वतःच डिकीत ठेवलं, आणि पुढं मांडी घालून बसल्या, पण शेंगदाणे घेतले नाहीत. या खेपेला गाडी पळाली नाही. एसटीच आमच्या पुढं निघून गेली, आणि व्याह्यांनी तिला जाऊ दिलं. घाटात आवाज बदलला. आधी गुरगुर होती, आता घुमायला लागलं, जात्यावर भरड पडत असताना घुमतं तसं. वळण दिसलं. व्याह्यांनी गिअर खाली टाकला आणि त्यांचे हात स्टेअरिंगवर असे टेकले जसे देवासमोर टेकतात. गाडी उभ्या चढाला लागली. मी मागं श्वास धरला. बाभूळ आली, माझ्या खिडकीजवळ आली, आणि त्यांच्या तोंडातून, इतक्या वर्षांची जीभ, "बायकांनी..." निघालंच. "गप चला!" विहीणबाई ओरडल्या. आणि गाडी गेली! घाई नाही, धाप नाही. नांगराचा बैल जसा मान खाली घालून ओढतो तशी ती ओढत गेली, आणि ती बाभूळ हळूहळू मागं सरकत सरकत दिसेनाशी झाली. मी मंदिरं पाहिली आहेत, घाट पाहिले आहेत, एकदा विमानातही बसले आहे. पण शेवग्याच्या शेंगा, ताकाची रवी, सोनाराचा काटा आणि बैलाची सुई यांच्या जोरावर एक बाई डोंगर चढताना मी त्या दिवशीच पाहिली. व्याही आरशात बघत होते. आरशात रस्ता रिकामा होता.

वर देवळापुढं गाडी लावली आणि ओटीचं सामान काढायला व्याह्यांनी डिकी उघडली. उघडली आणि तसेच उभे राहिले. मी जाऊन बघितलं. नारळ होता, खण होता, नैवेद्याचा डबा होता, आणि डब्याच्या पलीकडं, जुन्या लुगड्यात गुंडाळलेला, तो धोंडा होता. पहिल्या चाचणीच्या दिवशी, आम्ही दोघं गाडी परत फिरवायच्या गडबडीत असताना, विहीणबाईंनी तो उचलून घरी आणला असणार, आणि आज ओटीच्या सामानाबरोबर डिकीत घातला असणार. "आगं," व्याह्यांचा आवाज चिरकला. "हरभऱ्याएवढं वजन काढायला मी सोनाराच्या दारात बसलो, आन तू हा धोंडा घालून आणलास? माज्या इंजिनावर इस्वास न्हवता व्हय?" विहीणबाई पदर सारखा करत म्हणाल्या, "इस्वास हुता की. पर तो बिचारा दर सालाला वळणापत्तोरच यायचा. म्हटलं, यंदा त्यालाबी देव दावावा." व्याह्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग विहीणबाई आरतीचं ताट घेऊन, एक एक पायरी धरत पुढं निघाल्या, आणि त्यांच्या मागं दोन पावलं अंतर ठेवून, दोन्ही हातांत धोंडा घेऊन, आमचे व्याही. त्या थांबल्या की ते थांबायचे, त्या निघाल्या की ते निघायचे.

आता व्याह्यांची नजर गेली. डॉक्टरांनी गाडी बंद केली. लेक-जावयाच्या सुट्टीत सगळी जातात डोंगरावर, मोठ्या गाडीनं, आणि विहीणबाई घरूनच हात जोडतात. पांढरी गाडी पडवीच्या बाजूला, सपाट जमिनीवर उभी असते. दर रविवारी सकाळी व्याही चाचपडत जाऊन ती सुरू करतात, शेजारच्या सीटवर विहीणबाई मांडी घालून, काच खाली करून, शेंगदाणे खात बसतात. कुठंच जायचं नसतं. इंजिन घुमत राहतं, आणि ते डोळे मिटून ऐकत राहतात. मी परवा गेले तेव्हाही दोघं तशीच बसली होती. मला दुरून दिसलं, मागच्या चाकाला धोंडा लावलेला होता.